पद्माकर खांबेट्यांचे बिनवाहतुकीचे रस्ते

फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतातले खेड्यापाड्यांचे रस्ते पद्माकर खांबेटेला जितके पाठ आहेत, तितके तिथल्या पोस्टमनलाही नसतील. पोस्टमन निदान जिथं माणसं राहतात तिथंच जातो. पद्माकरला रस असतो तो जिथं कुणीच जात नाही अशा रस्त्यांत. फ्रान्सला तो स्वतः कधी गेलेला नाही. सिंगापूरमधल्या क्लेमेंटीच्या त्याच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाच्या ज्या टोकाला पूर्वी लोणच्याच्या बरण्या असत, तिथं आता त्याचा लॅपटॉप असतो. बरण्या फ्रिजवर गेल्या. लोणचं हवं असेल तर घरातल्या सर्वात उंच माणसाला उठावं लागतं, आणि तो सर्वात उंच माणूस नेमका लॅपटॉपमधल्या फ्रान्समध्ये असतो.

नोकरी हार्बरफ्रंटला, एका जहाज कंपनीत. जहाज सुटण्याआधी त्याच्या वाटेचा एक आराखडा होतो, या धक्क्यापासून त्या धक्क्यापर्यंत. तो तपासणं हे पद्माकरचं काम. कुठं गर्दी आहे, कुठं पाणी उथळ आहे, कुठं वळायला जागा नाही. आणि जिथं काही झालं तरी जायचंच नाही, तो भाग लाल रेघांनी भरायचा. ऑफिसच्या खिडकीतून सामुद्रधुनी दिसते, आणि तिच्यात जहाजं अशी दाटीनं उभी असतात की जणू बँकेत केवायसी करायला आली आहेत. इतकी वर्षं ते दृश्य बघून पद्माकरचं मत झालेलं आहे की अपघात वाईट माणसांमुळं होत नाहीत. तिथं दुसरं कुणीतरी असल्यामुळं होतात. दुसरं कुणी नसेल तर माणूस सुरक्षित. जगण्याचं तत्त्वज्ञान म्हणून हे जरा उदास आहे, पण नौकानयनात चालतं.

सायकल चालवते ती त्याची बायको. मेधा नोव्हेनाला एका स्पेशालिस्टच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा लावते. दिवसभर लोकांना "डॉक्टर थोडे लेट आहेत" हे चार भाषांत सांगायचं, आणि रविवारी पहाटे सायकल काढायची. पुण्यात शाळेत चालवलेली सायकल तिनं पन्नाशीला पुन्हा हातात घेतली, आणि मग काही ती खाली ठेवायला तयार होईना. मराठी मंडळातल्या सायकलवाल्यांबरोबर ती बेट उभं-आडवं फिरून आली. बेट लहान असल्यामुळं हे लवकर झालं.

दोन वर्षांपूर्वी घराजवळच्याच एका वळणावर एका लॉरीचा आरसा तिला लागला. कॉलरबोन मोडलं. हाड जुळलं, मेधा पुन्हा सायकलवर बसली, आणि पद्माकर मात्र त्या वळणावरच राहिला. तिनं फक्त पार्क कनेक्टरवर चालवावी, असं त्याचं म्हणणं पडलं. पार्क कनेक्टर म्हणजे सरकारनं झाडांच्या सावलीत बांधलेली सायकलची वाट. तिच्यावर गाड्या नसतात. पाण्याचे कूलर, स्वच्छतागृहं, कडेला पाट्या असतात, आणि जरा दम लागला की समोर खाण्याच्या गाळ्यांचं एखादं हॉकर सेंटर उभं असतं.

"पार्क कनेक्टरवर सायकल चालवणं म्हणजे लिफ्टमध्ये जॉगिंग करणं," मेधा म्हणाली. "मला रस्ता हवाय."

"रस्त्यावर गाड्या असतात."

"मग बिनगाड्यांचा शोध. तुझं कामच आहे ना ते?"

हे ती चिडून बोलली होती. पद्माकरनं ते काम समजून घेतलं. काही आठवड्यांनी त्यानं जाहीर केलं की असा देश सापडला आहे. फ्रान्समध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर सायकलच्या वाटा केल्या आहेत. कालव्यांच्या काठाकाठानं, पूर्वी बोटी ओढणारे घोडे चालत त्या वाटा आहेत. आणि दोन खेड्यांना जोडणारे असे रस्ते आहेत की ते नकाशावर नुसते पांढरे दाखवतात, कारण रंग भरण्याइतकं तिथं काही घडत नाही.

त्यानं आखलेल्या अशा एका रस्त्यावर आधी मंडळातला शैलेंद्र जाऊन आला. तो बँकेत आहे आणि सुट्टी वसूल झाली पाहिजे या मताचा आहे. परत आल्यावर तो म्हणाला, "खांबेटे, अप्रतिम. पण हे सायकलवरचं विपश्यना शिबिर आहे. तिसऱ्या दिवशी मी एका गाईला स्वतःची ओळख करून दिली."

पद्माकरनं ही प्रशस्ती समजली. शैलेंद्रच्या वाटेत एकही लॉरी आली नव्हती, हे त्यानं दोनदा विचारून घेतलं होतं.

मग मेधानं सांगितलं की ती जाणार, आणि एकटी जाणार. ग्रुपबरोबर गेलं की ग्रुपच्या वेगानं जावं लागतं, आणि ग्रुपच्या पोटानं थांबावं लागतं.

"मी भाड्याची गाडी घेऊन मागून येतो," पद्माकर म्हणाला. त्याचा गुडघा सायकल सोसत नाही.

"म्हणजे त्या रस्त्यावरची वाहतूक तूच."

बराच वाद झाला, दोन दिवस अबोला झाला, आणि शेवटी करार झाला. मुलगी गार्गी साक्षीदार. ती चोवीस वर्षांची आहे, तिला मराठी सगळं समजतं आणि उत्तर सिंगापुरी इंग्रजीत देते. करार असा: मेधानं पद्माकरनं आखलेल्या वाटेनं जायचं. वाटेत कुठंही तिला गाडीत बसावं लागलं, मग ती टॅक्सी असो, ॲम्ब्युलन्स असो की कुणा दयाळू माणसाची व्हॅन, तर परत आल्यावर सायकल विकायची. सगळी वाट सायकलवरच पार पडली, तर पुन्हा कधी "तू कुठं चालवतेस" हे पद्माकरनं विचारायचं नाही.

"सो ड्रामा, यू टू," साक्षीदार म्हणाली.

आराखडा करायला पद्माकरनं उन्हाळा घातला. सिंगापूरला तो बाराही महिने असतो, त्यामुळं वेळेची अडचण आली नाही. प्रत्येक नाका त्यानं फोटोंतून चारी बाजूंनी पाहिला. सुपरमार्केट दिसलं की लाल, कारण तिथं गाड्या वळतात. शाळा लाल. पेट्रोल पंप लाल. आठवड्याच्या बाजाराचं गाव तर आख्खं लाल. ज्या गावांत दुकान आहे तिथं गाड्या येतात म्हणून त्यानं दुकानं नसलेली गावं निवडली. गाड्या येत नाहीत म्हणूनच तिथली दुकानं बंद पडली होती, हा त्याच वाक्याचा उत्तरार्ध त्याच्या लक्षात आला नाही. तो लक्षात यायला माणूस एकदा तरी उपाशी राहिलेला असावा लागतो, आणि क्लेमेंटीत राहून उपाशी राहायचं म्हटलं तर आधी ब्लॉकखालची पाच दुकानं ओलांडून जावं लागतं.

मेधा ऑगस्टमध्ये निघाली. सामानात शेंगदाण्याचे लाडू आणि मेतकूट. फोनवर तिचा ठिपका पद्माकरला दिसेल अशी सोय होती, आणि तो आराखड्याच्या निळ्या रेघेवरून इतका सरळ जात होता की पद्माकरला त्याच्या कप्तानांची लाज वाटली. रोज मेधाचा फोन यायचा. तिकडं दुपार, इकडं संध्याकाळ.

"कसा होता?"

"सुरेख. सकाळी कालव्यावर धुकं होतं. बगळा पाच फुटांवर उभा, उडालाही नाही."

"गाड्या?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही रे."

पद्माकर समाधानानं झोपायचा. लाडू ठरल्यापेक्षा लवकर संपत आहेत हे मेधानं एकदा सांगितलं, कारण नकाशावरचं एक किराणा दुकान पोचल्यावर कुणाचं तरी राहतं घर निघालं. पद्माकरनं ते ऐकलं, आणि त्या घरासमोर गाडी उभी होती का, असं विचारलं.

पंधरा ऑगस्टला शुक्रवार होता. पद्माकर ऑफिसातून एमआरटी मेट्रोनं घरी येऊन चप्पल काढतो आहे तोच फोन वाजला.

"पद्माकर, आज इथं काय आहे?"

"कुठं?"

"फ्रान्सला! सगळं बंद आहे. तू लिहिलेली बेकरी बंद. तिच्यापुढच्या गावातला कॅफे बंद. काल जिथं राहिले त्या बाई सकाळीच नटून कुठंतरी गेल्या, टेबलावर थर्मास आणि दोन बिस्किटं ठेवून. तेवढ्यावर डोंगर चढून आलेय मी."

"आज पंधरा ऑगस्ट आहे."

"ते मला माहितीये. त्यांचं काय त्यात?"

सोफ्यावरून गार्गीनं फोनमध्ये बघून सांगितलं, "पा, पब्लिक हॉलिडे देअर. मदर मेरीचं समथिंग. होल कंट्री क्लोज्ड."

पद्माकर उभा होता तसाच खाली बसला. ऑफिसात सगळ्या बंदरांच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर त्याच्याच टेबलावर असतं. या सहलीसाठीही त्यानं सुट्ट्या पाहिल्या होत्या. पण पंधरा ऑगस्टपाशी त्याची नजर थांबलीच नाही. त्या तारखेला सुट्टी असते हे तो बालवाडीपासून जाणून होता. इस्त्रीचा सदरा, झेंडा, हातावर ठेवलेली लिमलेटची गोळी. ती सुट्टी आपली. फ्रेंच लोकांचा त्या दिवशी काय संबंध, हा प्रश्न पडायला ती तारीख आधी जराशी परकी वाटायला हवी.

"पाणी आहे?" त्यानं विचारलं.

"तळाशी."

तो उठून लॅपटॉपपाशी गेला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "गाव संपतं तिथं डावीकडं एक बुटकी भिंत दिसते? आत दोन सरूची झाडं?"

"दिसते."

"आत नळ असेल."

"काय आहे ते?"

"त्यांची... ती आहे. दफनभूमी."

"तू मला स्मशानातलं पाणी प्यायला सांगतोयस?"

"सगळे सायकलवाले तिथंच भरतात. फुलांना घालायला नळ असतो. पिण्याचं नाही अशी पाटी नसली तर प्यायचं असतं. बहुतेक."

"बहुतेक! आणि तुला हे आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग आराखड्यात का नाही लिहिलंस?"

"बायकोच्या वाटेत स्मशान कसं लिहायचं, मेधा?"

मेधा हसली की काय हे फोनवर कळलं नाही. फाटक करकरलं. मग नळाचा आवाज, आणि त्यात एका म्हाताऱ्या बाईचा आवाज. ती फ्रेंच बोलत होती, मेधा मराठी, आणि दोघींचं उत्तम चाललं होतं. जरा वेळानं मेधा फोनवर आली. "या आजी फुलांना पाणी घालत होत्या. आधी ओंजळीनं स्वतः पिऊन दाखवलं, मग माझी बाटली भरली. म्हणतात खालच्या गावात जेवण आहे. म्हणजे हातानं जेवून दाखवलं, आणि ढोल वाजवून दाखवला. जत्रा असणार. या रस्त्यानं सरळ खाली."

पद्माकरला खालचं गाव माहीत होतं. नकाशावर ते पूर्ण लाल होतं, आणि तिथं उतरणारा रस्ता त्याहून लाल.

"त्या रस्त्यानं नाही," तो म्हणाला. "तो मोठा रस्ता आहे. सात किलोमीटर उतार, मधे आंधळं वळण आहे. तू आराखड्याप्रमाणं जंगलातून जा, संध्याकाळी मुक्कामाला जेवण आहे."

"संध्याकाळपर्यंत जंगलात चढ आहेत. मला आत्ताच गरगरतंय."

"मग टॅक्सी बोलावतो."

"अहो खांबेटे," मेधा म्हणाली. ती त्याला एरवी अरे-तुरे करते. अहो म्हटलं की वारा बदलला असं समजायचं. "टॅक्सीत बसले की सायकल विकायची. विसरलात?"

"ही टॅक्सी मी करारात धरणार नाही."

"मी धरेन."

"मेधा, मी खरंच सांगतोय, करार गेला खड्ड्यात—"

"करार तुझ्यासाठी नाहीच रे आता. गाडीत बसून खाली गेले, तर पुन्हा सायकलवर बसताना मलाच भीती वाटेल. तुझी एकट्याची पुरे आहे घरात."

गार्गी दुसऱ्या फोनवरून त्या भागातल्या टॅक्सीवाल्यांचे नंबर फिरवत होती. "नोबडी पिकिंग अप, पा. टॅक्सी ऑल्सो हॉलिडे."

"ठेवते," मेधा म्हणाली. "दोन्ही हात ब्रेकवर लागतील."

ठिपका निळी रेघ सोडून लाल भागात शिरला.

रस्ता माहीत नसलेला नवरा अशा वेळी टीव्ही लावून बसला असता. पद्माकरला त्या रस्त्याचं वळण न् वळण माहीत होतं. तो लाल करायचा म्हणून त्यानं इतर कुठल्याही रस्त्यापेक्षा तो जास्त बारकाईनं पाहिला होता. इथं उजवीकडून शेताची वाट येते. इथं झाडामुळं पाटी दिसत नाही. इथं कडेला चालायलासुद्धा जागा नाही. ठिपका त्या प्रत्येक जागेवरून जात होता, आणि पद्माकर टेबलाची कड धरून त्याच्याबरोबर वळत होता.

आंधळ्या वळणाच्या जरा पुढं ठिपका थांबला.

पद्माकरनं थोडं थांबून नकाशा पुन्हा उघडला. ठिपका तिथंच. तो उठला, दारापाशी गेला आणि मोजे घालू लागला. मग बूट.

"पा, व्हेअर यू गोइंग?"

"खाली."

"खाली मीन्स फ्रान्स, इज इट?"

तो एक बूट घालून चपलांच्या कपाटावर बसून राहिला. गार्गीचंही तोंड आता उतरलं होतं. "कॉल करू का आईला?" तिनं विचारलं. मराठीत.

तिनं फोन उचलला होता. पद्माकरनं तिचा हात धरला. "नको. उतारावर असेल तर फोन घ्यायला एक हात सोडेल."

"बट शी इज नॉट मूव्हिंग!"

"ठिपका हलत नाहीये. रेंज नसेल. थांब."

हे वाक्य त्याचं त्यालाच पटलेलं नव्हतं. तरी त्यानं तिचा हात सोडला नाही. दोघं बाप-लेक दारात, एका बुटात, त्या हिरव्या ठिपक्याकडं बघत राहिली. खाली ब्लॉकमध्ये कुणीतरी मासे तळत होतं. शेजारच्या मिसेस टॅन लिफ्टमधून बाहेर आल्या, दोघांचे चेहरे बघून हळूच "एव्हरीथिंग ओके?" म्हणाल्या, आणि पद्माकरनं सवयीनं हसून मान हलवली.

मग ठिपका हलला. हळूहळू, माणूस चालेल तसा. गावात शिरला, आणि चौकात जाऊन बसला.

आधी फोटो आला. झाडांखाली लांबच लांब टेबलं, कागदाची ताटं, मागं पितळी वाद्यं घेऊन उभी असलेली लठ्ठ माणसं. मेधाच्या ताटात पाव, चीज, टोमॅटो आणि आलुबुखारची पेस्ट्री. त्याच्याखाली मजकूर: मांस होतं ते काढून शेजारच्या आजोबांना दिलं. त्यांनी त्याच्या बदल्यात पेस्ट्री दिली. व्यवस्था उत्तम आहे.

मग फोन.

"कुठं थांबली होतीस?" पद्माकरनं विचारलं.

"मिरवणूक रस्ता ओलांडत होती. देवीला खांद्यावर घेतलेलं, पुढं मुली, मागं बँड. मग मी उतरून त्यांच्याबरोबरच चालत आले."

"आणि गाड्या?"

"होत्या की. माझ्या मागं सहा-सात तरी. हळू आल्या, लांबून गेल्या. एका बाईनं हात केला."

"कसला हात?"

"हात रे. माणसं करतात तो."

तिकडून बँड सुरू झाल्याचं ऐकू आलं, एका वाद्याचा सूर बाकीच्यांना जरा सोडून होता. मेधा मोठ्यानं बोलू लागली. "ऐक ना. तुझे रस्ते फार सुंदर आहेत. मी चेष्टा करत नाहीये. असं मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. पण इतक्या दिवसांत मी फक्त तुझ्याशी बोललेय, आणि तेही फक्त गाड्यांबद्दल. उद्याची वाट बदलून देशील? मधे गावं येऊ देत."

"गाव म्हटलं की गाड्या येणार."

"येऊ देत थोड्या."

"थोड्या म्हणजे किती?"

"पद्माकर."

"बघतो," तो म्हणाला.

गार्गीनं पराठे मागवले होते, ते गार झाले. पद्माकरनं दुसरा बूट घालून मग दोन्ही काढले आणि टेबलाच्या टोकाला जाऊन बसला. रिकामा रस्ता कसा शोधायचा हे त्याला येत होतं. माणसं कुठं असतात हे कसं शोधायचं, ते त्याला माहीत नव्हतं. नकाशावर त्याची खूण नसते. त्यानं पूर्वी पाहिलेले नाके पुन्हा काढले आणि या वेळी गाड्यांऐवजी बाकांकडं बघितलं. बाक पारावर असेल तर कुणीतरी बसत असणार. बाहेर खुर्च्या मांडलेलं दुकान. वाळूचं मैदान, जिथं म्हातारे लोखंडी गोळे फेकून खेळतात. कपडे वाळत घातलेली गॅलरी. "अँड स्विमिंग पूल," गार्गी खांद्यावरून म्हणाली, "पूल मीन्स पीपल, लाह." तो नकाशावर घेतला. तीन ठिकाणचा लाल रंग त्यानं काढला, पण पांढरं काही त्याला करवेना. पिवळा केला. हार्बरफ्रंटला पिवळ्याचा अर्थ जपून जा, असा होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोनची वेळ टळली. पद्माकरनं लोणचं काढून दिलं, परत ठेवलं, पाणी प्यायला, नकाशा उघडला नाही. मग फोन आला.

"कसा होता?"

"मस्त! एका गावात कॉफी मिळाली, दुसऱ्यात एका लग्नाच्या फोटोत घुसवलं मला. स्विमिंग पूलवर पाय सोडून बसले तासभर. आता मुक्कामाला येऊन टेकलेय."

"छान," पद्माकर म्हणाला, आणि पुढचा प्रश्न त्यानं गिळला. गार्गीनं ते पाहिलं.

"विचार, विचार," मेधा म्हणाली. "चार-पाच मोटारी. आणि शेवटी शेवटी एक ट्रॅक्टर भेटला."

पद्माकरनं न विचारण्याचा खरोखर प्रयत्न केला.

"केवढा?" त्यानं विचारलं.